पाटीतून स्टेन्सिल काढावे काय?

आमच्या टायपिंगच्या सरांइतका कट्टर लोकशाहीवादी महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि लोकशाहीचा त्यांच्याइतका वैताग आणणारा माणूस तर अख्ख्या कोकणात सापडायचा नाही. हे मी जबाबदारीनं लिहितो आहे. लोकशाहीवर मी स्वतः बारा पत्रकं लिहिली आहेत. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. वडील कामगार संघटनेत होते, त्यामुळे इतर मुलं ‘कमळ’, ‘बगळा’ वाचत होती तेव्हा मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ गिरवत होतो. तेव्हा लोकशाही म्हणजे काय हे मला कुणी शिकवण्याची गरज नाही, असं माझं विशीतलं ठाम मत होतं. सरांनी ते खोडून काढलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, ‘‘हे मत ठरवताना कुणाकुणाला विचारलंस रे?’’

सरांचा क्लास चवदार तळ्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. तळमजला स्वस्त मिळत होता, पण सावित्री नदी चढली की तळमजल्यावर काय होतं ते महाडकराला सांगावं लागत नाही. वर दहा टायपरायटर, दोन कॉम्प्युटर आणि एक असा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जो सुरू झाला की खालचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरायचा. या खोलीत पंख्याचं बटणसुद्धा एकमतानं दाबलं जाई. ‘‘पंखा लावू? कुणाला सर्दी?’’ असं सर प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारत, आणि एखादी मुलगी शिंकली तर साऱ्या बॅचनं घामानं निथळत ‘अत्यावश्यक’ हा शब्द शंभर वेळा टाइप करायचा. चहा सांगताना न आलेल्यांचाही विचार व्हायचा. ‘‘साडेचारच्या बॅचला एक बिनसाखरेचा लागतो,’’ म्हणून साडेतीनच्या बॅचचा चहा अडून बसे. त्यांच्या लग्नाची गोष्ट काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, स्वतःच सांगायच्या. ‘‘पसंती झाली, सगळे पेढ्याला हात घालणार, तर हे म्हणतात, हिच्या धाकट्या बहिणीला कुणी विचारलं का? ती घरात एकटी पडेल. सात वर्षांची होती हो ती! झोपली होती. उठवून विचारलं, तर म्हणाली, नको. तिची समजूत घालण्यात चार महिने गेले माझ्या लग्नाचे.’’

या खोडीचं मूळ सरांच्या गावात होतं. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर त्यांची वाडी. तिथली निम्मी घरं मुंबईला, कुलपं गावात. गावकीची बैठक बसली की एकेका घराचं नाव घेऊन विचारायचं, आणि जे घर मुंबईला त्याला पत्र टाकायचं. उत्तर येईपर्यंत ठराव लोंबकळत राहायचा. नाहीच आलं तर शिमग्याला माणूस गावी येईपर्यंत. देवळाच्या पत्र्यांचा रंग ठरायला म्हणे दोन शिमगे लागले. मी यावर हसलो तेव्हा सरांची प्रमाण मराठी गळून पडली. ‘‘एक घर रायलं तरी ठराव नाय. जो समोर हाय त्याला कोन पन इचारतो.’’

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर गेला आणि त्याचीही त्यांनी वाडी केली. दोन हजार सालाच्या मागेपुढे सरांनी मराठी टायपिंगसाठी ‘पाटी’ नावाचा एक प्रोग्राम लिहिला आणि जगाला देऊन टाकला. नुसता फुकट दिला असं नव्हे, उघडा दिला. तो आतून कसा लिहिला आहे ते कुणीही वाचावं, बदलावं, पुढे द्यावं, अशी ती रीत. मला ती रीत ऐकूनच स्फुरण चढलं होतं. पाहता पाहता पुण्यामुंबईची नि कुठकुठली पोरं त्यात सामील झाली. त्यांची एक ई-मेलची लिस्ट होती, तिच्यावर चर्चा चालायची. सर रोज संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन सगळ्या मेल छापून आणत, त्यांना भोकं पाडून फाइलला लावत आणि उत्तर दुसऱ्या दिवशी, विचार करून देत.

पाटीत एक सोय होती, ती माझ्या जिवाची. स्टेन्सिल. आता लोकांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. प्रिंटरची शाईची फीत काढून घ्यायची आणि आत मेणकागद घालायचा. प्रिंटरच्या सुया त्या कागदाला टोचून अक्षरं कोरतात. तो कागद सायक्लोस्टाइलच्या नळकांड्यावर चढवायचा, शाई लावायची आणि दांडा फिरवायचा, की शेकडो प्रती. दांडा हातानं फिरतो, वीज लागत नाही. म्हणजे स्टेन्सिल महाडात कोरावं, गुंडाळी करून एसटीनं डोंगरावर न्यावं आणि छापावं तिथं, जिथं चार चार दिवस दिवा लागत नाही. माझी बाराच्या बारा पत्रकं अशीच जन्मली. यात एक अडचण होती. ‘ठ’, ‘व’, ‘ब’ अशी पोट असलेली अक्षरं कोरली की पोटाचा तुकडाच गळून पडे आणि कागदावर काळा ठिपका उमटे. म्हणून सरांनी अशा प्रत्येक अक्षराच्या गोलाला एका बाजूला केसाएवढी फट ठेवली होती. तिला ते खिंड म्हणत. कुडपणच्या अंगाला एका शाळेतल्या बाई परीक्षेचे पेपर याच पद्धतीनं छापत, आजूबाजूच्या तीन वाड्यांच्या शाळांनाही पुरवत. तिथली मुलं ‘ठ’ काढतानासुद्धा खिंड ठेवून काढायची, इतकं ते अक्षर त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

तर एके दिवशी पुण्याच्या एका इंजिनिअरनं लिस्टवर लिहिलं, की पाटीतली ही स्टेन्सिलची सोय आता काढून टाकावी. नवीन काही बदल केला की ती बिघडते, ती दुरुस्त करणं सरांशिवाय कुणाला जमत नाही, अक्षरं फुटकी दिसतात, आणि मुख्य म्हणजे वापरणारे फार थोडे. त्याच्या खाली सात जणांनी ‘सहमत’ लिहिलं.

वापरणारे फार थोडे! हे तीन शब्द मी तीनदा वाचले. वाडीवरची संध्याकाळची गाडी बंद झाली तेव्हा हेच तीन शब्द होते. दहा पोरांची शाळा खालच्या शाळेत मिसळायची भाषा होते तेव्हा हेच तीन शब्द असतात. थोडे आहेत म्हणून आधी सोय काढायची, मग सोय नाही म्हणून माणसं जातात, मग बघा म्हणायचं, किती थोडे होते! मी तिथल्या तिथे दोन फुलस्केप पानांचा मजकूर लिहिला. ‘खुर्चीत बसून डोंगर मोजणाऱ्यांनो’ अशी त्याची सुरुवात होती. सरांनी तो शांतपणे वाचला, चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि परत दिला.

‘‘सर, तुम्ही नुसतं नाही म्हणा ना! प्रोग्राम तुमचा आहे.’’

‘‘दिला तेव्हा माझा होता,’’ सर म्हणाले. ‘‘तो इंजिनिअर आणि ते सात जण समोर आहेत. जे वापरतात ते लिस्टवर कुठे आहेत? त्यांना विचारू.’’

सरांच्या क्लासमधून स्टेन्सिल कोरून नेणारे, आम्हांला ठाऊक असलेले, सतरा जण निघाले. कुणी शिक्षक, कुणी वाचनालयवाला, कुणी भजनी मंडळाचा चिटणीस. सर्वांना जोडकार्डं, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली पोस्टकार्डं, धाडायची ठरली. मी म्हणालो, माझा मजकूर छापून पाठवू. सरांनी कानांवर हात ठेवले. ‘‘मत विचारताना आपलं मत ढोसायचं नाही. तुझ्या मजकुरानंतर नाही म्हणायची हिंमत कोण करील?’’ ते स्वतःची बाजूही मांडायला तयार नव्हते, इंजिनिअरचीही नाही. तीन दिवस खल करून, एकेक शब्द गाळत गाळत, शेवटी त्यांनी कार्डावर एकच ओळ टाइप केली. ‘पाटीतून स्टेन्सिल काढावे काय? कृपया कळवावे.’

उत्तरं यायला लागली तसतसा मी खचत गेलो. पहिलं कार्ड, ‘काढावे.’ दुसरं, ‘अवश्य काढावे.’ तिसरं, ‘लवकर काढावे ही विनंती.’ भजनी मंडळानं लिहिलं, ‘दोन काढावीत.’ सर म्हणाले, ‘‘बघ, आणखीही एखादी सोय नको झालेली दिसते त्यांना.’’ वाचनालयवाल्यानं लिहिलं, ‘काढावे, पण ठळक काढावे.’ सर म्हणाले, ‘‘बरोबर आहे. गुपचूप काढू नका, जाहीर करून काढा, असं म्हणतोय. सज्जन माणूस.’’ सोळा कार्डं, सोळा होकार. ज्यांच्यासाठी मी पुण्याला भिडायला निघालो होतो तेच शत्रूला फितूर! त्या आठवड्यात जनतेविषयी माझ्या मनात जे विचार आले ते मी कुठल्याही पत्रकात छापलेले नाहीत.

राहिलं होतं एकच घर, कुडपणच्या बाईंचं. लिस्टवर इंजिनिअर रोज विचारी, ‘‘सर, झालं का?’’ सर रोज उत्तर देत, ‘‘एक यायचं आहे.’’ तीन आठवडे सारं जग त्या एका कार्डासाठी थांबलं. अखेर एका गुरुवारी ते आलं. ‘काढावे. मी शनिवारी येते.’ सरांनी ते दोनदा वाचलं, सतरा कार्डांना दोरा बांधला आणि शुक्रवारी पाटीतून स्टेन्सिल काढलं. नवी पाटी सायबर कॅफेतून सगळीकडे रवाना झाली.

शनिवारी दुपारी बाई आल्या. पायांत धुळीनं लाल झालेल्या चपला, पाठीला पिशवी.

‘‘स्टेन्सिल काढलंत ना, सर?’’

‘‘काढलं,’’ सर खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘काल काढलं.’’

‘‘बरं झालं. द्या मग.’’

‘‘काय देऊ?’’

‘‘स्टेन्सिल ओ! सोमवारी परीक्षा हाय. मजकूर मागच्याच महिन्यात नव्हता का ठेवून गेले?’’

‘‘पण बाई, तुम्हीच कळवलंत ना, काढावे म्हणून.’’

‘‘मग! काढावे म्हणूनच कळवलं. मला आश्चर्यच वाटलं, एवढं कार्ड टाकून काय विचारतात. म्हटलं, सरांची सवय.’’

सर उभे होते ते बसले. मी दोरा सोडून कार्डं पुन्हा वाचायला घेतली. ‘दोन काढावीत.’ ‘ठळक काढावे.’ ‘लवकर काढावे ही विनंती.’ आमच्या भाषेत पत्रकही काढतात आणि काटाही काढतात, ‘ठ’ही काढतात आणि दातही काढतात, हे चाळीस वर्षं मराठी टायपिंग शिकवणाऱ्या माणसाच्या आणि बारा पत्रकं काढणाऱ्या माझ्या ध्यानात येऊ नये! सतरा लोकांनी हात जोडून सांगितलं होतं, स्टेन्सिल पाहिजे, आणि आम्ही त्यांच्याच सहीनं ते पुसून टाकलं होतं. मला संतापायचं होतं, आणि अडचण अशी की समोर संतापायला पुण्याचं कुणीही नव्हतं.

बाईंना प्रकार समजला तेव्हा त्या पाच मिनिटं पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. ‘‘पर सोमवारचं काय? चार शाळांची पोरं बसणार हायत.’’

सर जुनी वस्तू टाकत नसत, त्यामुळे आधीची पाटी एका फ्लॉपीवर होती. तासाभरात प्रिंटर कोकलायला लागला, खाली न्हाव्यानं वस्तरा उचलला आणि बाई गुंडाळी घेऊन पोलादपूरच्या गाडीला धावल्या.

पण लिस्टवर आता ‘सोय काढली’ अशी नोंद होऊन गेली होती. सरांनी सारा प्रकार लिहून माफी मागितली. इंजिनिअरनं उत्तर दिलं, की सर, गंमत वाटली, पण आता मागे कशाला जायचं? प्रोग्राम उघडा आहे, तुम्हांला हवं तर तुमची वेगळी चूल मांडा. ते नियमाला धरून होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्यात फक्त अर्ध्या गावाला कुलूप लावून मुंबईला जा म्हणणारा आवाज ऐकू आला. मी त्याच रात्री तेरावं पत्रक लिहिलं, ‘जुनी सोय बंद करू देऊ नका!’, आणि सकाळी महाडच्या एसटी स्टँडवर सह्यांसाठी उभा राहिलो. काय तो प्रतिसाद! लोक रांग लावून सह्या करत होते. एक म्हातारी तर कडाडली, ‘‘ती पन बंद करतायत? बायमानसानं जायाचं कुठं रे?’’ मी म्हणालो, तोच तर सवाल आहे, आजी! दुपारपर्यंत दोनशे सह्या आणि बारा अंगठे घेऊन मी क्लासचा जिना चढलो.

सरांनी सह्या वाचल्या. वाचता वाचता एका ठिकाणी बोट ठेवलं. सहीशेजारी कुणीतरी लिहिलं होतं, ‘आत पाण्याचीही व्यवस्था करावी.’

‘‘क्रांतिकारक,’’ सर म्हणाले, ‘‘यांना तू नक्की काय विचारलंस?’’

स्टँडमागच्या मुतारीसाठी गोळा झालेल्या त्या सह्या लिस्टवर गेल्या नाहीत. गेली ती फक्त सतरा कार्डं. सरांनी ती एकेक करून स्कॅन करवून घेतली, प्रत्येकाखाली माणूस कोण, गाव कुठलं, तो स्टेन्सिलवर काय छापतो, ते लिहिलं. शेवटी एक ओळ लिहिली. ‘ही सोय बिघडली तर दुरुस्ती मी करीन, आणि दर शिमग्याला या सतरा घरांना पुन्हा विचारीन.’ दोन दिवस गेले. मग इंजिनिअरनं लिहिलं, ‘ठीक आहे सर. तुम्ही बघताय तोवर राहू दे.’ मला तो विजय अपुरा वाटला. ‘तोवर’ या शब्दावर मी भांडणार होतो, पण सरांनी मला टायपरायटरवर बसवून ‘अत्यावश्यक’ टाइप करायला लावलं.

त्यानंतर सरांनी वचन पाळलं, तेही वैताग येईल इतकं. प्रश्नाचं कार्ड आता पुरेना, पाकीट लागे, कारण ‘काढणे म्हणजे येथे कायमचे नष्ट करणे, तयार करणे नव्हे’ असा खुलासाच अर्धं पान असायचा. उत्तरं बदलत गेली. पोलादपूरच्या बाजारात झेरॉक्सची दुकानं झाली. वाचनालयवाल्यानं लिहिलं, आता गरज नाही. भजनी मंडळाचा चिटणीस मुलाकडे मुंबईला गेला. एकानं लिहिलं, ‘तुम्ही दरवर्षी विचारता म्हणून बरे वाटते, पण मशीन भंगारात दिले.’ सतराची अकरा झाली, अकराची चार. झेरॉक्सच्या दुकानांविरुद्ध पत्रक काढावं असं माझ्या मनात येई, पण ते छापायलाही आता मला झेरॉक्सच सोयीचं पडत होतं, आणि या गोष्टीचा मला फार राग यायचा.

पाचव्या शिमग्याला एकच घर उरलं, आणि त्या घराचं उत्तर आलं नाही. सर म्हणाले, ‘‘जाऊन विचारू.’’ पोलादपूरहून जीपनं आम्ही कुडपणला चढलो. बाईंच्या शाळेत टेबलावर, प्लॅस्टिकचं झाकण घातलेला नवा कोरा प्रिंटर होता. मुंबईकरांच्या मंडळानं दिलेला. बाई ओशाळल्या. ‘‘सर, तुम्हांला कसं कळवू तेच समजंना. चार वेळा कार्ड लिहिलं नि फाडलं.’’

मी उसळलो. उद्या वीज गेली तर, शाई संपली तर, मुंबईकर विसरले तर, असं मी वर्गातल्या मुलांसमोर भाषणच ठोकलं. बाईंनी ते पुरं होऊ दिलं.

‘‘भाऊ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही दांडा वर्षातनं चार वेळा फिरवला असंल, घोषणा देत. मी चार शाळांचे पेपर फिरवलेत. कोपरापर्यंत शाई. खांदा उचलत नाय आता. माझ्यासाठी ठेवताय तर नका ठेवू. नको मला ते.’’

उतरताना जीपमध्ये मी सरांना म्हणालो, की तुम्ही आता ते काढलंत तर मी तुमच्याविरुद्ध पत्रक लिहीन. ‘‘लिही,’’ सर म्हणाले. ‘‘ऱ्हस्व-दीर्घ मी बघतो.’’ घाट उतरून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘विचारायला आलो होतो ना रे आपण? मग?’’

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कॉम्प्युटरसमोर बसले. सगळा भाग एकदम निवडून एका बटणात उडवता आला असता. मी तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली. ते एकेक ओळ मोठ्यानं वाचत आणि मग ती खोडत. ‘व’ची खिंड. ‘ब’ची खिंड. ‘ठ’ची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि मग खोडली. साडेतीनची बॅच आली, तिला त्यांनी आज सुट्टी हवी का विचारलं. सगळ्यांनी हो म्हटल्यावर खात्री करून घेतली आणि पुन्हा वाचायला लागले. मी शेजारी बसून होतो. पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता, पण तो कुणाला उद्देशून लिहायचा हेच मला सुचेना. इंजिनिअरला? बाईंना? त्या दुखऱ्या खांद्याला?

शेवटची ओळ गेल्यावर सरांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘बघ, चालतेय का.’’

मी पाटी उघडली. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ टाइप करून पाहिलं. चालत होती.

‘‘चालतेय,’’ मी म्हणालो.

आधीपेक्षा ती जरा लवकर उघडली होती. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.